दिवसभर गल्ल्यावर, तरी धंदा जिथल्या तिथे

या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल तर विषय माहीत आहेच. त्यातला आकडेमोडीचा भाग दहा मिनिटांत मावत नाही, म्हणून तो इथे निवांत लिहितेय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक प्रश्न. काल तुम्ही दुकानात किती तास होतात? माझ्या बॅचमध्ये याचं उत्तर अकरा ते तेरा तास असंच येतं, आणि ते सांगताना आवाजात थोडा अभिमानही असतो. आता दुसरा प्रश्न. त्या बारा तासांत असं कुठलं काम केलंत, ज्यामुळे पुढच्या वर्षीचा धंदा आजच्यापेक्षा वेगळा दिसेल? इथे सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

यात आळस कुणाचाच नसतो. गंमत अशी आहे की दुकान चालवणारी कामं स्वतःहून ओरडतात. ग्राहक काउंटरवर उभा राहतो, फोन वाजतो, टेम्पोवाला माल उतरवून घ्या म्हणून हॉर्न देतो. दुकान वाढवणारी कामं मात्र गप्प असतात. "ताई, माळ्यावर दोन वर्षं पडलेला माल एकदा बघा" असं सांगायला कुणी काउंटरवर येत नाही. उधारीची वही स्वतःहून उघडत नाही. मग जे ओरडतं ते होतं आणि जे गप्प आहे ते "सीझन संपला की बघू" मध्ये जातं. सीझन संपतो, पुढचा येतो.

आणि हे फुकट पडत नाही. बहुतेक भाडेकरारांत दर वर्षी ५ ते १० टक्के वाढ लिहिलेली असते. विक्री तेवढीच राहिली आणि भाडं वाढलं, तर ती वाढ कुठून जाते? तुमच्या घरी जाणाऱ्या पैशातून. म्हणजे धंदा "जिथल्या तिथे" आहे असं वाटतं, पण तुमचा स्वतःचा पगार दर वर्षी कापला जातोय.

बीबीएला असताना पीटर ड्रकर यांचं 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' वाचलं होतं. १९६७ चं पुस्तक, ऑफिसातल्या साहेबांसाठी लिहिलेलं. पण त्यातली एक गोष्ट दुकानाला जास्तच लागू पडते: सुरुवात प्लॅनिंगने करू नका, आधी आपला वेळ खरंच कुठे जातो ते लिहून काढा. आठवणीवर विसंबू नका, कारण दमलेल्या माणसाला सगळंच महत्त्वाचं वाटतं.

तर गल्ल्याशेजारी एक जुनी वही ठेवा. सहा दिवस, दर अर्ध्या तासाला एक ओळ. "बिलं", "झेरॉक्स", "सेल्समनशी गप्पा", "मोबाइल" असं तुटक लिहिलं तरी चालेल. आठवडी बाजाराचा दिवस त्यात यायला हवा. दिवाळीचा किंवा शाळा उघडतानाचा आठवडा मात्र नको, ते चित्र वेगळंच असतं.

स्टेशनरीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ, कारण माझं तेच आहे. सगळा खर्च जाऊन महिन्याला ४०,००० रुपये घरी जातात असं धरा. २६ दिवस, रोज १२ तास, म्हणजे ३१२ तास. भागाकार केला की तुमचा तास १२८ रुपयांचा. मदतीला ठेवलेल्या मुलीला १३,००० पगार असेल आणि ती रोज १० तास थांबत असेल, तर तिचा तास ५० रुपयांचा. (हा आकडा बघून काही जण नाराज होतात. होऊ दे, पण लिहा.)

आता झेरॉक्स. दिवसाला ८० जण आले आणि प्रत्येकाला दोन मिनिटं लागली, तर १६० मिनिटं गेली, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. सरासरी चार पानं धरली तर ३२० पानं. कागद, टोनर, मशीनची देखभाल जाऊन पानामागे ९० पैसे सुटत असतील, तर २८८ रुपये. नीट बघा, काम तोट्याचं नाही. झेरॉक्स बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, त्याच निमित्ताने माणूस दुकानात येतो आणि जाताना पेन घेऊन जातो. पण ते काम करायला मालकीणबाई लागत नाही. तुम्ही मशीनपाशी उभ्या राहिलात की तेवढा वेळ तुम्ही ५० रुपयांच्या कामावर असता, आणि तुमचं काम तेव्हा कुणीच करत नसतं.

तुमचं काम कोणतं? जे दुसरा कुणी करू शकत नाही किंवा करणार नाही ते. स्टेशनरीत मला अशी तीन-चारच दिसतात, आणि त्यात सगळ्यात वर उधारी.

शाळा, क्लासेस, छोटी ऑफिसं यांच्याकडे २ लाख अडकलेत आणि तुमची बँकेची सीसी ११ टक्क्यांनी चालू आहे, असं समजा. वर्षाचं व्याज २२,०००. तुमच्या १२८ च्या दराने ते १७२ तास होतात. म्हणजे वर्षातले चौदा दिवस तुम्ही दुसऱ्याच्या उधारीचं व्याज भरायला शटर वर करता. आता त्यातला एक लाख वसूल झाला असं धरा. तो सीसीत भरला तर वर्षाला ११,००० वाचतील. पण तोच लाख होलसेलरला महिन्याची उधारी न करता रोखीत देऊन २ टक्के सूट मिळवलीत, तर लाखाच्या खरेदीवर महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,०००. यासाठी वेळ किती? आठवड्याला दीड तास, वर्षाला ७८ तास. तासाला ३०० रुपयांच्या वर पडतात. बारा तास उभं राहून जे मिळतं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तेही बसून!

उधारीचं काम कंटाळवाणं नाही, ते अवघड वाटतं. "मॅडम, मार्चचं बिल राहिलंय" म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आपण झेरॉक्सच्या मशीनपाशी जाऊन उभे राहतो. बिझी असणं ही खूप सोयीची लपायची जागा आहे.

दुसरं काम खरेदी. वह्यांचा सीझन जूनमध्ये, पण त्याचा निर्णय मार्च-एप्रिलमध्ये होतो. त्या वेळी सेल्समनच्या डोक्यावर मार्चअखेरचं टार्गेट असतं. तुम्ही गेल्या वर्षीचा विक्रीचा आकडा घेऊन बसला नसाल, तर दुकानात माल त्याच्या टार्गेटप्रमाणे भरतो. बोलायला गोड माणूस असतो, चहा होतो, "ताई, स्कीम संपतेय" होतं, आणि ऑगस्टमध्ये जुन्या कार्टूनच्या कव्हरच्या वह्या माळ्यावर जातात. गेल्या जूनमध्ये २०० पानी किती गेल्या, १०० पानी किती, चौरेघी किती उरल्या, एवढं एका कागदावर असलं तरी त्याच चहावर वेगळं बोलणं होतं.

आता तुमचा नेहमीचा मुद्दा: "गल्ला कुणावर सोडू?" मुद्दा खरा आहे. पण आज निम्म्याहून जास्त पैसे क्यूआरवरून थेट तुमच्या खात्यात येत असतील तर गल्ल्यातली जोखीम पूर्वीइतकी राहिलेली नाही. सकाळी सुटे मोजून द्या, परत आल्यावर बिलाप्रमाणे मोजून घ्या. मुलीवर संशय म्हणून नाही. हिशोब रोज जुळला तर तिलाही मोकळं वाटतं. आणि पहिल्याच दिवशी चार तास गायब होऊ नका, दीड तासाने सुरू करा. पुण्यातल्या १ ते ४ वर विनोद भरपूर झाले, पण दुपारी गिऱ्हाईक कमी असतं हे सगळ्याच गावांना माहीत आहे. ती वेळ हिशोबासाठी घ्या. वसुलीसाठी मात्र सकाळी ११ नंतर निघा, तेव्हा शाळेचा क्लार्क जागेवर सापडतो.

एक अट. हे काम दुकानात बसून होत नाही. मागच्या खोलीत बसलात तरी "ताई, हे कितीला द्यायचं?" येणारच. घरी बसा, देवळाच्या ओट्यावर बसा, पण शटरच्या आत नको.

इथे एक सावधगिरी. मोकळा वेळ मिळाला की काही जण नवीन लोगो करतात, रील काढतात, तीन रंगांच्या पेनांनी डायरी भरतात. तीसुद्धा धावपळच, फक्त बसून केलेली. आमच्या चॅनेलचे व्हिडिओ एकामागून एक बघत बसणंही त्यातच धरा. दीड तासाच्या शेवटी कुणाकडून तरी पैसे आलेले असावेत, ऑर्डर बदललेली असावी किंवा एखादा भाव ठरलेला असावा. नाहीतर तो वेळ झेरॉक्सला दिलेला बरा होता.

जे दुसऱ्याच्या दुकानात किंवा शोरूममध्ये नोकरी करतात, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. सगळ्यात आधी येणारा आणि शेवटी जाणारा मॅनेजर होतो असं आपल्याला लहानपणापासून वाटतं. सेठ त्याला "मेहनती आहे" म्हणतो आणि तिथेच ठेवतो, कारण त्याला हलवलं तर काउंटर कोण बघणार? त्यापेक्षा एक वही सुरू करा: "गिऱ्हाईकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं." तारीख, वस्तू, अंदाजे किंमत, बस. महिनाभराने ती बेरीज घेऊन सेठसमोर बसा. समजा ९,००० रुपयांचं गिऱ्हाईक परत गेलं असेल, तर हा आकडा दुकानात फक्त तुमच्याकडे आहे. पगाराचं बोलणं त्याच्यानंतर काढा, आधी नको.

तर सोमवारपासून वही लिहा. शनिवारी रात्री शटर ओढल्यावर प्रत्येक ओळीसमोर 'मी' किंवा 'दुसरा' एवढंच लिहायचं: हे माझ्याशिवाय झालं असतं का? 'दुसरा' लिहिलेल्यांपैकी एकच काम पुढच्या आठवड्यात मुलीला शिकवायला घ्या, सगळी एकदम नकोत. वसुलीचा मेसेज नातं न बिघडवता कसा लिहायचा, ते पुढच्या व्हिडिओत घेतेय. तेव्हा उधारीची यादी समोर असू द्या, सगळ्यात जुनं बिल सगळ्यात वर.