मधुमेही बालकाची सहल

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा येथे कचारगडच्या यात्रेसाठी गोंड बांधवांची रीघ लागते. पावसाळ्यात हाजरा धबधबा सहलकऱ्यांना बोलावतो. अशा वेळी पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलास घरीच ठेवण्याकडे पालकांचा व शिक्षकांचा कल असतो. तो योग्य नव्हे.

या विकारात स्वादुपिंडातील इन्सुलिननिर्मिती जवळजवळ थांबते. गोड खाल्ल्याने तो जडत नाही. म्हणून यात्रेतील जिलेबीही सर्वस्वी वर्ज्य नाही. मात्र ती आहाराच्या हिशेबात धरून डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे इन्सुलिनची मात्रा ठरवावी. गूळ निरुपद्रवी, ही समजूत मात्र सोडावी.

खरी जोखीम गडाच्या चढणीवर आहे. श्रमाने रक्तातील साखर उतरते, कधी त्या रात्रीही. मूल थरथरू लागले, घामाघूम झाले वा उगाच चिडले, तर त्यास बसवून सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी रक्त तपासावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. इन्सुलिन उन्हापासून जपावे, पण बर्फास टेकवू नये. साखरेची पुडी गाडीतल्या पिशवीत नव्हे, तर सोबतच्या शिक्षकाच्या खिशात असावी.