थंडी, धुराडे आणि ओले सरपण

आपल्या सुशिक्षित कुटुंबांची एखादी शाखा बोस्टनकडे, न्यू जर्सीत अथवा अमेरिकेच्या तशाच एखाद्या हिमप्रदेशात स्थायिक झालेली असणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तेथील जुन्या घरांच्या दिवाणखान्यात भिंतीत बांधलेली विटांची एक उघडी चूल पुष्कळदा आढळते. तिला फायरप्लेस म्हणतात. घर उबदार राखण्याची मुख्य व्यवस्था तेलावर, वायूवर वा विजेवर चालते. परंतु तिचा खर्च पाहून, आणि वादळात वीज गेली म्हणजे होणारी दैना अनुभवून, त्या चुलीच्या पोकळीत एक बंद लोखंडी शेगडी बसवावी असा विचार घरात निघतो. या शेगडीस तिकडे इन्सर्ट असे नाव आहे. व्यवहार हजारो डॉलरांचा असून तो चुकला तर पैशावरच भागत नाही, जिवाशी गाठ पडते. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम, उघडी चूल का पुरत नाही ते पाहू. तिची शोभा मोठी, पण उपयोग थोडा. जाळ आपल्यासाठी खोलीतील तापलेली हवा ओढतो व धुराड्यावाटे आकाशात सोडतो. तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. समोर बसणाराची तोंडे भाजतात आणि पाठी गारठतात! लाकडातील उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच काय तो पदरी पडतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी याच दोषावर उपाय म्हणून एक लोखंडी शेगडी काढली व १७४४ मध्ये तिचे वर्णन करणारी पुस्तिका छापली. तिचे पेटंट देऊ केले असता त्यांनी ते घेतले नाही.

आजच्या इन्सर्टला काचेचे घट्ट दार असते आणि हवा मोजून आत सोडता येते. धूर म्हणजे न जळलेले सरपणच होय. तो धुराड्यात जाण्यापूर्वी पुन्हा जाळावा, हे या शेगडीचे मर्म. त्याच्या दोन रीती आहेत. एकीत वरच्या नळ्यांतून तापलेली हवा सोडून सुमारे ६०० अंश सेल्सियसवर धूर पेटवतात. ही रचना साधी असून देखभाल कमी लागते. दुसरीत उत्प्रेरकाची जाळी असते. तिच्यामुळे सुमारे २६० अंशांवरच धूर जळतो व मंद आच पुष्कळ वेळ टिकते, मात्र काही वर्षांनी जाळी बदलावी लागते. अमेरिकेत नव्या शेगड्यांच्या धुरावर २०२० च्या मे महिन्यापासून ताशी २ ग्रॅमची मर्यादा आली. प्रत्यक्ष सरपणाने परीक्षा केली असल्यास ती २.५ ग्रॅम आहे. खरेदीपूर्वी तसे प्रमाणपत्र अवश्य पाहावे.

तथापि उत्तम शेगडी घेतली म्हणजे झाले, असे मात्र नाही. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राचे उदाहरण सर्वश्रुत आहे. पण त्याच शास्त्राने पुढे असेही बजावले की, अग्नी आहे तेथे धूर असतोच असे नव्हे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नाही. धूर होण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. आमच्या मते शेगडी घेणाराने हा एवढा सिद्धान्त ध्यानात ठेवावा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते २० टक्क्यांच्या खाली आले पाहिजे. त्यासाठी लाकूड फोडून, वरून झाकून व बाजू मोकळ्या ठेवून निदान सहा महिने रचून ठेवावे लागते. ओकसारख्या जड लाकडास एक-दोन वर्षेही लागतात. ओलावा मोजण्याचे लहानसे यंत्र मिळते. ते ताज्या फोडलेल्या बाजूस लावावे. विकत घेताना मापही पाहावे : पुरा कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट.

यानंतर धुराडे. उघड्या चुलीसाठी बांधलेल्या रुंद धुराड्यात इन्सर्टचा थोडा व मंद धूर रेंगाळतो, गार होतो आणि भिंतींवर क्रिओसोट नावाचे डांबरी कीट धरते. ते पेटले की घर धोक्यात येते. म्हणून शेगडीपासून थेट माथ्यापर्यंत योग्य व्यासाची स्टेनलेस पोलादाची नळी घालून घ्यावी, आणि दरवर्षी जाणत्या माणसाकडून धुराडे तपासून साफ करवावे. चूल विटांची नसून कारखान्यात बनलेली पत्र्याची असेल, तर तिला मान्य असलेलेच इन्सर्ट चालते. नगराची परवानगी घ्यावी व विमा कंपनीस कळवावे.

मोठी शेगडी घेण्याचा मोह टाळावा. खोली फार तापली की माणूस हवा कोंडतो, लाकूड धुमसते, आणि धूर व कीट दोन्ही वाढतात. शिवाय मुख्य उष्णतायंत्राचा नियामक त्याच खोलीत असला, तर ते यंत्र बंद राहते आणि आजी-आजोबांची टोकाची खोली गारठते. इन्सर्टचा बराच भाग भिंतीत दडलेला असल्याने उष्णता बाहेर आणण्यास पंखा लागतो, व तो विजेवर चालतो. वीज जाण्याची भीती असेल तर थोडी पुढे आलेली शेगडी बरी. मात्र तिच्यापुढे न जळणारी फरशी पुरेशी हवी.

मुलांचे हात तापलेल्या काचेस लागू नयेत म्हणून पुढे जाळी ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र निजण्याच्या खोल्यांजवळ असलेच पाहिजे. राखेतील निखारे काही दिवस जिवंत राहतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवावी. घरात दम्याचा रोगी असल्यास हा बेतच सोडावा हे उत्तम.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी सरपणाची बेगमी करण्याची रीत होती. तीच रीत तेथेही उपयोगी पडेल. आधी धुराड्याची तपासणी, मग वसंतात लाकडांची रचणी, आणि शेगडीची खरेदी सर्वांच्या शेवटी, असा क्रम ठेवण्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या मुला-सुनांस पुढच्याच पत्रात कळवावे.