तारणाऱ्याला कुणी तारलं?



गोकुळाष्टमीच्या रात्री बारा वाजता आपण पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो आणि लेकरांना कृष्णजन्माची गोष्ट सांगतो. गेल्या अष्टमीला मी सातवीतल्या भाचीला ती सांगत होते. देवकीचा आठवा मुलगा तुला मारील, अशी आकाशवाणी झाली. कंसाने बहिणीला बंदीत टाकलं, तिची सहा बाळं मारली. आठवं जन्मलं तेव्हा वसुदेवाने त्याला टोपलीत घालून, यमुना ओलांडून गोकुळात नेलं. भाची मध्येच म्हणाली, "मावशी, ही तर हॅरी पॉटरची गोष्ट!"

मी आधी हसले. मग तिने तिच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. एक दुष्ट जादूगार असतो. अमुक महिन्यात जन्मणारं मूल तुला भारी पडेल, असं भाकीत त्याच्या कानावर येतं. तो त्या मुलाच्या घरी जातो, आईबापाला मारतो. आई बाळाच्या आडवी उभी राहून मरते आणि तिच्या त्या मायेमुळेच बाळ वाचतं. मग कुणीतरी त्याला रातोरात मावशीच्या दारात ठेवतं. जे. के. रोलिंग या इंग्रज बाईंनी लिहिलेलं हे पहिलं पुस्तक १९९७ साली आलं.

भाचीचं खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टींची ठेवण एकच आहे. आणि या दोनच नाहीत, बरं का.

बायबलमधली मोझेसची गोष्ट घ्या. मुसलमान भगिनी त्यांना हजरत मूसा म्हणतात, कुराणातही त्यांची कथा येते. इजिप्तच्या राजाने, म्हणजे फारोने, गुलाम लोकांचे मुलगे मारायचा हुकूम काढला. एका आईने बाळ तीन महिने घरात लपवलं. पुढे लपवणं जमेना, तेव्हा लव्हाळ्याच्या टोपलीला डांबर लिंपून त्यात बाळ ठेवलं आणि टोपली नदीकाठच्या गवतात सोडली. पुढे त्याच बाळाने मोठेपणी आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढलं.

येशूच्या जन्मकथेत राजा हेरोद आहे. यहुद्यांचा राजा जन्मला, हे ऐकून त्याने बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारवली. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन रात्रीच इजिप्तला निघून गेले.

आता आणखी मागे जाऊ. आजच्या इराकमध्ये सुमारे ४,३०० वर्षांपूर्वी सारगॉन नावाचा मोठा राजा होऊन गेला. मातीच्या पाट्यांवर त्याची गोष्ट लिहून ठेवलेली सापडली. आईने त्याला गुपचूप जन्म दिला, डांबर लावलेल्या टोपलीतून नदीत सोडलं आणि अक्की नावाच्या पाणी भरणाऱ्या माणसाने त्याला वर काढून वाढवलं. आपल्या महाभारतातल्या कर्णालाही कुंतीने मेणाने लिंपलेल्या पेटीत घालून असंच नदीत सोडलं. तो अधिरथ सारथ्याच्या घरी वाढला.

आणि मुलांच्या टीव्हीवर उडणारा तो सुपरमॅन? त्याचा ग्रह नष्ट होत असताना आईबाप त्याला एका यानात बसवून पृथ्वीकडे पाठवतात. त्याचा सांभाळ करतं ते एक शेतकरी जोडपं. टोपलीच्या जागी यान आलं, एवढंच. १९३८ साली हा सुपरमॅन अमेरिकेतल्या दोन तरुणांनी छापून आणला. दोघंही परदेशातून तिथे आलेल्या यहुदी कुटुंबांतले होते. यहुदी म्हणजे मोझेसची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले लोक.

मोठमोठ्या अभ्यासकांनाही याचं नवल वाटलं. व्हिएन्नाच्या ऑटो रँक यांनी १९०९ साली अशा वीरांच्या जन्मकथा शेजारी शेजारी ठेवून एक पुस्तक लिहिलं. त्यात सारगॉन, मोझेस यांच्याबरोबर आपला कर्णही आहे. पुढे १९४९ साली अमेरिकेतल्या जोसेफ कॅम्पबेल यांनी जगभरच्या नायकांच्या वाटचालीतलं साम्य दाखवलं.

आता कुणी विचारील, मग कुणी कुणाची नक्कल केली? काही गोष्टी व्यापाऱ्यांबरोबर, प्रवाशांबरोबर गावोगाव फिरल्या असतील. पण नक्कल नसली तरी गोष्टी जुळू शकतात. जात्यावरच्या ओव्या बघा. या गावची बाई त्या गावी गेलेली नसते, तरी माहेरची ओढ दोघींच्या ओवीत सारखीच असते. लेकराच्या जिवाची भीती प्रत्येक मुलखातल्या आईला असते. जुलमाखाली दबलेल्या प्रत्येक समाजाला वाटतं, कुणीतरी जन्मेल आणि यातून सोडवील. आणि तो राजवाड्यात न वाढता गवळ्याकडे, सुताराकडे, सारथ्याकडे वाढावा, असंही वाटतं. कारण जो आपल्यात वाढला त्यालाच आपलं दुखणं कळणार. गोष्टी सारख्या निघाल्या म्हणून कुणाची श्रद्धा खोटी ठरत नाही. उलट, शेजारणीचा देव आपल्याला वाटतो तितका परका नाही, हे कळतं.

पण मैत्रिणींनो, मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे. जगाला तारणारा आला खरा, पण त्या तान्ह्या जिवाला कुणी तारलं?

मोझेसच्या गोष्टीत मोजा. फारोने आधी शिफ्रा आणि पुवा या दोन सुईणींना बोलावून सांगितलं, मुलगा झाला की तिथेच मारा. त्यांनी मारलं नाही. राजाने जाब विचारला तर म्हणाल्या, या बाया दणकट आहेत, आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात! मग आईने टोपली लिंपली. बहीण लांब उभी राहून टोपलीवर नजर ठेवून होती. ती फारोच्याच मुलीने उचलली. कुराणात ते बाळ फारोची बायको पदरात घेते. बहिणीने लगेच पुढे होऊन विचारलं, बाळाला पाजायला बाई आणू का? आणि आणली कुणाला, तर बाळाच्या आईलाच! आपल्याच लेकराला पाजायचा पगार तिला राजवाड्यातून मिळाला. पाच बायका. कुणाच्या हातात तलवार नाही. प्रत्येकीने आपापल्या जागी राहून एकेक काम केलं.

कर्णाचंही तसंच. सांभाळणाऱ्या आईचं नाव राधा, म्हणून तो आयुष्यभर राधेय म्हणवला गेला. कृष्णालाही आपण देवकीनंदन म्हणतो तसंच यशोदेचा कान्हा म्हणतो.

आणि कृष्णाच्या गोष्टीतली एक जण आपल्याकडून नेहमी निसटते. त्या रात्री यशोदेलाही बाळ झालं होतं. मुलगी. वसुदेवाने कृष्णाला तिच्या जागी ठेवलं आणि तिला उचलून बंदिवासात आणलं. भागवतात म्हटलंय की यशोदा थकून झोपली होती, मुलगा झाला की मुलगी हेही तिला कळलं नाही. देवकी कंसाच्या विनवण्या करत राहिली, ही मुलगी आहे, हिला तरी सोड. त्याने पाय धरून तिला दगडावर आपटलं. ती हातातून निसटली, देवी होऊन आकाशात उभी राहिली आणि म्हणाली, तुला मारणारा दुसरीकडे जन्मलाय. विंध्याचलची विंध्यवासिनी ती हीच, असं मानतात.

आपण मुलाचा पाळणा गातो. त्या पाळण्याखातर जिला उचलून नेलं तिचं नाव घेत नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ साली झाला, तरी "मुलगी आहे, जाऊ दे" हे बोल अजून आपल्या कानावर येतात. देवकी मात्र नेमकी उलट बोलली होती. मुलगी आहे, जगू दे.

म्हणून वाट बघत बसू नका, एवढंच माझं सांगणं. गावातली दारू बंद करायला कुणी अवतार आला नाही. कितीतरी गावांत बायांनीच रांगेत उभं राहून आडवी बाटली केली. गोष्टीतला वीर शेवटी येतो. तोवर लेकरू जगवणारे हात आपल्यासारखेच असतात.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट सांगा. राम, मूसा, येशू, बुद्ध, कुणाचीही चालेल. सिद्धार्थाची आई सातव्या दिवशी गेली, त्याला मावशीने, महाप्रजापती गौतमीने वाढवलं, हे लक्षात असू द्या. गोष्ट संपली की एकच प्रश्न विचारा. यात बाळाला कुणी वाचवलं, कुणी वाढवलं? त्यांची नावं वहीत लिहा. आणि येत्या अष्टमीला पाळणा म्हणताना त्या मुलीसाठीही दोन फुलं ठेवा.

येते मी. नमस्कार.