जुळ्यांतले एक बाळ मागे पडले तर

आठव्या महिन्याची सोनोग्राफी करून सून घरी येते. जुळी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते, पण या वेळी डॉक्टर म्हणालेले असतात, "एक बाळ नीट वाढतंय, दुसरं मागे पडलंय." मग घरात सुरू होते. कुणी म्हणते खाणे कमी पडले, कुणी म्हणते एक बाळ दुसऱ्याचे खाते. बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून. एकाच्या वाट्याला वारेचा लहान भाग आला किंवा वार नीट काम करीना, की ते बाळ मागे पडते. दोष बाईचा नाही.

डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: दोन्ही बाळांची वार सामाईक आहे की वेगळी? हे 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे दोन वेगळ्या वार चिकटून एकच वाटू शकते. म्हणून तो जुना रिपोर्ट फाईलमधून हरवू देऊ नका. वार वेगळी असेल तर साधारण 20 आठवड्यांपासून दर 4 आठवड्यांनी सोनोग्राफी लागते, सामाईक असेल तर 16 आठवड्यांपासून दर 2 आठवड्यांनी. वाढ मागे पडल्यावर त्याहूनही लवकर बोलावतात.

समजा मोठे बाळ 1800 ग्रॅम आणि लहान 1300. फरक 500 ग्रॅम, म्हणजे मोठ्याच्या वजनाच्या जवळजवळ 28 टक्के. 20 ते 25 टक्क्यांच्या वर फरक गेला की डॉक्टर सावध होतात. पण सोनोग्राफीतले वजन हा अंदाज असतो, तो चुकतोही. त्यामुळे नाळेतले रक्त कसे वाहते हे डॉपलरने पाहतात, पोटातले पाणी पाहतात, मागच्या वेळेपेक्षा वाढ किती झाली ते पाहतात.

बाळ फुगवणारे इंजेक्शन, पावडर किंवा सलाईन नाही. दिवसभर खाटेवर पडून राहिल्यानेही वार सुधारत नाही. उपचार म्हणजे लक्ष ठेवणे आणि योग्य दिवशी बाळंतपण करणे. तो दिवस ठरवणेच अवघड, कारण पोटात दोघे आहेत. लवकर काढले तर नीट वाढणारे बाळही अपुऱ्या दिवसांचे होते. थांबले तर लहान बाळ दगावू शकते. वार वेगळी असेल तर फार लवकरच्या दिवसांत डॉक्टर कधी मोठ्या बाळासाठी थांबण्याचा सल्ला देतात. वार सामाईक असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, एक गेले तर दुसऱ्याच्या मेंदूलाही धोका. तिथे थांबण्याचा हिशेब वेगळा. सगळे ठीक असताना वेगळ्या वारेची जुळी 37 आठवड्यांना, सामाईक वारेची 36 ला जन्माला आणतात. वाढ खुंटली तर त्याआधी. 34 आठवड्यांच्या आत काढावे लागेल असे दिसले तर बाळांची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. नाव ऐकून घाबरून नकार देऊ नका.

घरच्यांच्या हातात असलेले: मशेरी आणि तंबाखू आजच बंद, त्याने बाळाचे वजन घटते. लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. "पोटभर खाल्लं तर बाळाला जागा राहत नाही" हे ऐकू नका, तिला पोटभर वाढा. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, रक्त किंवा पाणी जाणे, किंवा बाळांची हालचाल कमी वाटणे, यातले काहीही झाले तर त्याच वेळी दवाखाना. सकाळची वाट पाहू नका.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी मोफत होते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. आशाताईला आताच विचारून ठेवा, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते. तिथेच नाव घाला. फाईल, आधार कार्ड आणि दोन बाळांचे कपडे एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा. 108 चा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.