आगमनकाळ : नाताळच्या आधीचे चार रविवार



डिसेंबर आला की आपण मुलांना 'नाताळ' या विषयावर निबंध लिहायला देतो. वह्या तपासायला घेतल्या की केक, सांताक्लॉज, चांदणी, नवे कपडे आणि ख्रिसमस ट्री हमखास सापडतात. निबंध चुकीचा नसतो. फक्त तो पंचवीस तारखेला सुरू होतो आणि त्याच दिवशी संपतो. आपल्या शेवगाव परिसरात ज्या कॅथलिक घरी नाताळ असतो, तिथे मात्र त्याची सुरुवात चार आठवडे आधीच झालेली असते. या चार आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात. आज आपण तो समजून घेऊ या.

शब्द सोपा आहे : येणाऱ्याची वाट पाहण्याचा काळ. आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांनी असे कितीतरी शब्द रुळवले आहेत : धर्मग्राम, धर्मगुरू, मिस्सा, पापनिवेदन. 'निरोप्या' हे कॅथलिक मासिक १९०३ साली आपल्याच जिल्ह्यात, फादर हेन्री डोरिंग या जर्मन धर्मगुरूंनी सुरू केलं. म्हणजे ही भाषा काही बाहेरून आलेली नाही, इथेच घडली आहे. (आज आपला जिल्हा १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो.)

सुरुवात कधी?

गणिताच्या तासाला हे जरूर घ्या. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्येच येतो. २०२२ मध्ये तो २७ नोव्हेंबरला आला, तेव्हा आगमनकाळ पूर्ण २८ दिवसांचा होता. पुढच्याच वर्षी ३ डिसेंबरला आला आणि २२ दिवसच मिळाले. चौथा रविवार आणि नाताळची आदली संध्याकाळ तेव्हा एकाच दिवशी! कॅलेंडर देऊन मुलांना पुढच्या पाच वर्षांच्या तारखा काढायला सांगा.

आणखी एक गंमत. कॅथलिक चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते या पहिल्या रविवारी सुरू होतं.

चर्चमध्ये काय बदलतं?

धर्मगुरूंचा मिस्साचा झगा जांभळा होतो. रविवारच्या मिस्सातलं महिमागान थांबतं, ते नाताळच्या रात्री पुन्हा घुमतं. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग चालतो, कारण तो आनंदाचा रविवार. अर्धी वाट सरली म्हणून! ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाइतका हा काळ कडक नसतो, पण मन आवरायचा असतो हे नक्की.

वेदीजवळ हिरव्या पानांचं एक चक्र आणि त्यात चार मेणबत्त्या दिसतात. दर रविवारी एक जास्त पेटते. या चक्राची गोष्ट आपल्या पेशातली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जर्मनीत हॅम्बुर्ग इथे योहान हिनरिख विचर्न नावाचे एक प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, "नाताळ किती दिवसांवर आला?" १८३९ साली त्यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर रोजच्यासाठी लहान लाल आणि चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. दिवस मोजायचं शैक्षणिक साहित्यच म्हणा ना! कॅथलिक चर्चमध्ये ते पुढे विसाव्या शतकात रुळलं. आपल्याकडे पाईनची पानं कुठून आणायची? सुबाभूळ किंवा अशोकाच्या डहाळ्यांनीही काम भागतं.

मनाची तयारी म्हणजे नेमकं काय?

घर सारवलं, रंग दिला, करंज्या केल्या, की तयारी झाली असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. पण आगमनकाळातली बायबल-वाचनं वेगळंच बोलतात. पहिल्या रविवारी जागे राहा असं सांगितलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, आणि तो काही गोड बोलणारा माणूस नाही. लूकच्या शुभवर्तमानात लोक त्याला विचारतात, आम्ही नेमकं करू काय? तो त्यांना जप सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या, असं सांगतो. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त उकळू नका. शिपायांना सांगतो, धाकदपटशा करू नका, पगारात भागवा. आज तो शेवगावच्या आठवडे बाजारात उभा राहिला असता, तर काटा मारणाऱ्याला आणि उचलीच्या हिशेबात घोळ घालणाऱ्या मुकादमालाही त्याने असंच सुनावलं असतं, असं मला वाटतं.

म्हणून या दिवसांत धर्मग्रामात पापनिवेदनासाठी वेळ ठेवतात. माणूस धर्मगुरूंजवळ बसून आपलं चुकलेलं कबूल करतो, देवाची क्षमा मागतो. पण बांधावरून भावाशी अबोला असेल तर? तो मोडायला उंबरठा ओलांडून त्याच्या घरीच जावं लागतं. हे सगळ्यात अवघड काम, आणि कुठल्याही लायटिंगने ते होत नाही. पालकांनो, नव्या कपड्यांसाठी व्याजाने पैसे काढण्याऐवजी या एका गोष्टीला हात घातला तर मुलांच्या जास्त लक्षात राहील, हे माझं स्पष्ट मत आहे.

गव्हाण

इटलीत ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण, खरं गवत, बैल आणि गाढव आणून नाताळ साजरा केला. घरोघरच्या गोठ्यांच्या प्रथेला तिथून जोर मिळाला. शहरातल्या मुलाला गव्हाण हा शब्द समजावून सांगावा लागतो, आपल्या मुलांना नाही. पण ती कथा एका नावनोंदणीची आहे, हे कुणी सांगत नाही. सरकारी हुकूम निघाला म्हणून दिवस भरलेली बाई नवऱ्याबरोबर घर सोडून दूर गेली आणि उतरायला जागा मिळाली नाही. दिवाळीनंतर शेवगाव-पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा त्यांत अशा बाया असतातच. पाचटाच्या कोपीत जन्मलेलं मूल आपल्याला माहीत आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील असेच फडावर होते. तो आजीजवळ राहिलेला. चक्राची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने विचारलं, "सर, चौथ्या मेणबत्तीपर्यंत माझी आई येईल का?" मला उत्तर देता आलं नाही. कारखान्याचं गाळप नाताळसाठी थांबत नाही. त्या दिवशी मला कळलं, की वाट पाहणं हा विषय मी फारच सोपा करून शिकवत होतो.

मग आम्ही एक केलं. घटस्थापनेला पेरतो तसे त्याने दुसऱ्या रविवारी परातीत माती घालून गहू पेरले, गोठ्यात हिरवळ म्हणून. रोज पाणी घालायचं आणि संध्याकाळी आजीच्या फोनवरून आईला सांगायचं, आज किती बोटं वाढले. हे तुम्हीही करून पाहा, परिसर अभ्यासात सहज बसतं. शाळेत धार्मिक विधी करायचे नाहीत, माहिती द्यायची, एवढं भान ठेवलं की पुरे. आणि स्नेहसंमेलनाचा सराव २४ तारखेच्या संध्याकाळी ठेवू नका. त्या रात्री ख्रिस्ती मुलांना मिस्साला जायचं असतं.

त्याचे आईवडील पंचवीसला आले नाहीत. पण चर्चच्या हिशेबात नाताळ एका दिवसात संपत नाही. जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण येईपर्यंत नाताळकाळच चालू असतो. आजीने गोठा तोवर हलवू दिला नाही. दोन जानेवारीला ते दोघं एका दिवसासाठी घरी आले. गहू तोपर्यंत पिवळे पडून आडवे झाले होते, तरी परात त्याने तशीच ठेवली होती.