स्वभाव बिघडला नाही, मेंदूला मार लागला आहे

रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून शिरूरला परतत होते. नगर रोडवर गाडी घसरली. हेल्मेट होते, पण डोक्यात नव्हते, टाकीवर अडकवलेले होते. कपाळाला जबर मार लागला. बारा दिवस दवाखाना झाला आणि माणूस घरी आला. हातपाय धड, बोलणे स्पष्ट, सगळ्यांची ओळख पटते. घरच्यांना वाटले, संकट टळले.

खरे संकट पुढेच होते. कधी आवाज न चढवणारा माणूस पाहुण्यांदेखत शिव्या देऊ लागला. गॅसवर चहा ठेवून ओट्यावर जाऊन बसू लागला. किराणा आणायला पाठवले आणि नेहमीचे दुकान बंद दिसले, तर पिशवी तशीच रिकामी घेऊन परत येई. शेजारचे दुकान उघडे असले तरी तिकडे जावे हे सुचत नसे. कामावर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उभे केले, की जुन्याच मशीनसारखे हात चालवी. दोन महिन्यांत काम सुटले. कुणी म्हणाले माजला, कुणी म्हणाले पितो, कुणी म्हणाले बाहेरचे आहे. एक जण तर भगताचा पत्ता घेऊन आला. त्यांची पत्नी मला म्हणाली, "भाऊ, चेहरा तोच आहे, पण आमचे हे राहिलेच नाहीत."

वाचकहो, असेच उद्गार सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत निघाले होते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गाचे काम चालू होते. फिनिअस गेज हा २५ वर्षांचा मुकादम खडकात सुरुंगाची दारू लोखंडी पहारीने ठासत होता. ठिणगी पडली आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. एक डोळा गेला, पण गेज वाचला. चालू-बोलू लागला. मात्र पूर्वीचा मेहनती, हिशेबी मुकादम हट्टी आणि शिवराळ झाला. एक बेत करायचा, अर्धवट सोडायचा, दुसरा धरायचा. मालकांनी परत कामावर घेतले नाही. हा आमचा गेजच नव्हे, असे मित्र म्हणू लागले. डॉक्टर हार्लो यांनी हे सारे लिहून ठेवले. माणसाचे वागणे आणि मेंदूचा पुढचा भाग यांचा संबंध आहे, हे जगाच्या ध्यानात येण्यास ही घटना मोठे निमित्त ठरली.

हा पुढचा भाग काय करतो? माझी बरीच वर्षे दौंडला गेली, म्हणून उदाहरण रेल्वेचेच देतो. दौंड जंक्शनात पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती असे चार बाजूंचे मार्ग मिळतात. इंजिन कितीही दणकट असले, तरी गाडी कोणत्या रुळावर जाणार हे पॉइंट ठरवतो आणि कधी थांबणार हे सिग्नल ठरवतो. मेंदूत पाहणे, ऐकणे, हातपाय हलवणे यांची केंद्रे वेगवेगळी आहेत. ती झाली इंजिने. पॉइंट आणि सिग्नल सांभाळणारी केबिन मुख्यतः कपाळामागे आहे. तिची कामे तीन: हाती घेतलेले काम ध्यानात ठेवणे, तोंडावर आलेला शब्द किंवा मनात आलेली ऊर्मी आवरणे, आणि परिस्थिती बदलली की विचाराचा रूळ बदलणे.

ऊर्मी आवरणे म्हणजे काय, ते घरीच पाहा. निळ्या खडूने 'लाल' आणि हिरव्या खडूने 'पिवळा' असे आठ-दहा शब्द पाटीवर लिहा आणि मुलांना सांगा, शब्द वाचू नका, फक्त खडूचा रंग सांगा. जीभ अडखळतेच. वाचण्याची सवय दाबून रंग सांगायला या केबिनला जोर लावावा लागतो. स्ट्रूप नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९३५ साली ही चाचणी प्रसिद्ध केली. रूळ बदलण्याची परीक्षा पत्त्यांनी घेतात. पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायचे. मग न सांगता नियम बदलतो आणि आकाराप्रमाणे लावावे लागतात. कॅनडातील ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ साली दाखवले, की मेंदूच्या पुढच्या भागाला इजा असलेले रुग्ण 'चूक, चूक' ऐकूनही जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतात. बंद दुकानापासून रिकामी पिशवी घेऊन परत येणारा माणूस आठवा. तो आळशी नव्हता. त्याचा पॉइंट अडकला होता.

ही केबिन एकटी चालत नाही. मेंदूच्या मागच्या आणि खोलवरच्या भागांशी ती असंख्य तंतूंनी जोडलेली असते. जोराच्या हिसक्यात हे तंतू ताणले जातात, तुटतात. म्हणून कधी कधी स्कॅनमध्ये फारसे काही दिसत नाही, तरी माणूस बदललेला असतो.

अशा घरांनी काय करावे? पहिले म्हणजे भगताची वाट धरू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि 'डोके दुखते' एवढेच न सांगता 'वागणे बदलले आहे' हे घरच्यांनी स्पष्ट सांगावे. डोक्याच्या मारानंतर पुढे फिट येऊ शकते. तेव्हा कांदा-चप्पल हुंगवत बसू नये, दवाखाना गाठावा. घरात रोजचा क्रम ठरवून भिंतीवर लिहावा. एका वेळी एकच काम सांगावे. पैशाचा व्यवहार काही काळ दुसऱ्याने पाहावा. झोप पुरी होऊ द्यावी, दारू पूर्ण बंद असावी. सांभाळणाऱ्या बाईलाही आधार लागतो. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर तिलाही बोलता येते.

गेजची गोष्ट मालकांनी नाकारले तिथे संपत नाही. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तिथे काही वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत होता. घोडे जुंपणे, वेळ पाळणे, उतारू सांभाळणे हे सगळे त्याला जमले. रोजच्या ठरलेल्या कामानेच त्याला बरेचसे सावरले, असे अभ्यासकांना वाटते. १८६० साली फिट्स येऊन तो वारला, पण तोवर बराच काळ तो कष्टाची भाकरी खात होता.

आमचे ते गृहस्थही आता सकाळी ठरल्या वेळी भावाच्या दुकानात बसतात. वजन करून माल देतात, पैसे भाऊ घेतो. राग येतो, पण पूर्वीइतका नाही. परवा नेहमीचे दूध संपले होते, तर ते पुढच्या चौकातून दुसरे घेऊन आले. पत्नीने ही गोष्ट मला दोनदा सांगितली.

नगर रोडने किंवा सोलापूर रोडने कामाला जाणाऱ्या भावांनो, टाकीवरचे हेल्मेट डोक्यात घाला. आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी त्याला माजलेला म्हणण्याआधी एकदा विचारा, याला मार कुठे लागला होता?