खुबा बदलून घरी एकटे राहताना

खुब्याचा सांधा झिजला की चांगला कामाचा माणूस घरात बसतो. बांध चढवत नाही आणि रात्री कुशीवर वळताना जीव कळवळतो. १९६२ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा व प्लॅस्टिकची वाटी बसवण्याची पद्धत यशस्वी केली आणि या दुखण्यावर खरा इलाज सापडला. नांदेड, देगलूर, उदगीर भागातील आपली माणसे त्यासाठी हैदराबादला जातात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा ही वाट जुनी आहे. पंजागुट्टा येथील निम्स रुग्णालयही मुळात हाडांचेच रुग्णालय होते.

शस्त्रक्रियेनंतर बरेचजण घरी येतात ते एकटेच. मुले पुण्या-मुंबईला, जोडीदार देवाघरी. अशांना आम्ही आधीच स्पष्ट सांगतो की, पहिले आठ-दहा दिवस तरी रात्री कोणी सोबत असल्याशिवाय राहू नये. बहीण, भाचा, शेजारची बाई, कोणीही चालेल. त्यानंतर एकट्याने राहता येते. पण त्यासाठी घराची तयारी हैदराबादला जाण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.

याचे कारण, आपली घरे जमिनीवर बसणाऱ्यांची आहेत. पाटावर जेवण, चुलीपुढे उकिडवे बसणे, परसाकडेही तसेच. नव्या सांध्याला नेमके हेच चालत नाही. छेद मागच्या बाजूने घेतला असेल, तर पहिले सहा ते बारा आठवडे खुबा फार वाकला किंवा पाय आत वळला की गोळा वाटीतून निसटू शकतो. आपला छेद कोणत्या बाजूचा आणि पथ्य किती दिवसांचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ओळखायची खूण सोपी आहे: बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. मांडी घालू नये, पायावर पाय टाकू नये, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी.

म्हणून झोळ पडलेली बाज बाजूला करून उंच, कडक पलंग घ्यावा. हाताची खुर्ची हवी. औषधाच्या मोठ्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, ती आणण्यात लाज बाळगू नये. शेगडी टेबलावर, पाण्याचा माठ उंच स्टुलावर ठेवावा. जमिनीवरची पायपुसणी, गोधड्या, वायरी उचलाव्यात. कोंबड्या व कुत्रे घराबाहेर. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, चहाचा कपसुद्धा नेता येत नाही. त्यासाठी वॉकरला कापडी पिशवी बांधून तिच्यात फिरकीच्या झाकणाची बाटली, बॅटरी व फोन ठेवावा. खाली पडलेली वस्तू वाकून उचलू नये. आंबे उतरवायची आकडी असते, तशी आखूड आकडी करून घेतली तर धोतर, टॉवेल ओढता येतो. कपडे घालताना शस्त्रक्रियेचा पाय आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. पायरी चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा.

दाराला आतून कडी लावू नये. कुलूप लावून दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी आणि सकाळ-संध्याकाळ हाक मारायला सांगावे. माणूस पडला आणि दार आतून बंद असले, तर मदत दारातच अडते.

पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, जखमेतून पू आला, ताप चढला, किंवा कळ येऊन पाय आखूड झाल्यासारखा दिसला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. ही सेवा २००५ साली हैदराबादेतच सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नयेत. पडल्या पडल्या पावले वरखाली हलवत राहावे, त्याला पैसे पडत नाहीत.

हैदराबादहून निघताना कागद मागून घ्यावेत, विशेषतः बसवलेल्या सांध्याचे नाव व क्रमांक. २०१० साली डेप्यू कंपनीचे ए.एस.आर. नावाचे खुबे जगभरातून परत मागवले गेले. भारतात ते हजारो लोकांना बसवलेले होते, आणि पुढे त्यातील बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. तो कागद ट्रंकेत जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी ठेवावा.

दिवस निवडायला सवड असेल, तर रब्बीची ज्वारी काढून झाल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस शस्त्रक्रिया करावी. अंगण कोरडे असते, वॉकर चिखलात घसरत नाही, आणि पाऊस येईतो तीन महिने मिळतात. चर्चमध्ये मात्र गुडघे टेकण्याची घाई नको, बाकावर बसावे. फादर रागावणार नाहीत. मृगाच्या पेरणीला बांधावर उंच खुर्ची टाकून बसावे आणि तिफण त्या वर्षी दुसऱ्याच्या हाती द्यावी.